चष्मेवाल्याचा घोगरा डबा

चष्मेवाल्याच्या दुकानात गेलेला माणूस डोळे तपासून येतो आणि त्याच्या घरी चहाला गेलेला माणूस कान तपासून. दुसरी तपासणी फुकट असते, पण तिथून सुटका लवकर होत नाही. दुकानात तो गिऱ्हाइकाच्या नाकावर लोखंडी चौकट चढवतो, एक भिंग घालतो, काढतो, दुसरं घालतो आणि विचारतो, "पहिलं बरं, की दुसरं?" घरी भिंगांच्या जागी डबे असतात. जाड पत्र्याचे, विटेएवढे, वर तीन बटणं आणि पायाने दाबायचा खटका. समोर चहा निवत असतो. हा खटका दाबतो, मांडीवरच्या गिटारची तार छेडतो. पुन्हा खटका, पुन्हा तीच तार. "पहिलं बरं, की दुसरं?"

शेजाऱ्यापाजाऱ्यांनी यावर तोडगा काढलाय. "दुसरं" म्हणायचं आणि बिस्किट उचलायचं. "पहिलं" म्हटलं तर तो खात्रीसाठी पुन्हा ऐकवतो. आणि "फरक काही कळला नाही बुवा" असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याची अख्खी संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

हे डबे म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी सांगितलेलं बरं. विजेच्या गिटारचा मूळचा आवाज फार सोज्वळ. पहिल्या बाकावर बसणाऱ्या, वहीला कव्हर घालणाऱ्या मुलासारखा. तो या डब्यातून नेला की त्याचा घसा बसतो. आत काचेचा एक व्हॉल्व्ह असतो, जुन्या रेडिओच्या पाठीमागे नारिंगी पेटलेले दिसायचे, त्यांच्याच जातीचा. त्याला पेलवेल त्याहून जास्त आवाज त्याच्यात कोंबला की तो कुरकुरतो, घोगरा होतो, आणि त्या घोगरेपणावर गिटारवाले जीव टाकतात. याला ते ओव्हरड्राइव्हचं पेडल म्हणतात. चष्मेवाल्याची बायको म्हणते घसा बसवायचं यंत्र.

"अहो, दुकानात तयार मिळतात ना?" तिने एकदा विचारलं होतं.

"चष्मेही फुटपाथवर तयार मिळतात. घालतेस?"

टेबलाखाली डब्यांची रास वाढू लागली, तशी बाईंनी तिथे केर काढणं बंद केलं. प्रत्येक डब्याला त्याने एक गोल खिडकी ठेवलेली, आणि खिडकीला स्वतः घासलेलं भिंग. त्यातून आतला व्हॉल्व्ह मोठा होऊन दिसायचा, एखाद्या म्हाताऱ्याचा डोळा जाड चष्म्यामागून दिसावा तसा. आवाजात त्याने काडीचाही फरक पडत नाही. पण चष्मेवाल्याच्या घरचा डबा बिनचष्म्याचा कसा असेल?

आता हा माणूस स्वतः गिटार का वाजवत नाही, हा प्रश्न नव्याने राहायला आलेले लोक विचारतात. जुने विचारत नाहीत. तरुणपणी हा उत्तम वाजवायचा. इतका, की एका घरी धाकट्या मुलाला गिटार शिकवायला जायचा आणि मुलाची बोटं तारांवर बसेपर्यंत याची नजर थोरल्या बहिणीवर बसली होती. मुलाच्या आईला सगळं कळत होतं. ती फक्त एवढंच म्हणायची, "मास्तर, आज फार वेळ शिकवलंत हो." शेवटी मास्तर त्या घरचे जावई झाले. पुढे दोन-तीन वर्षांनी दुकानात भिंग घासायच्या चाकात डावा हात सापडला. हात वाचला, पण दोन बोटांच्या शिरा गेल्या. भिंग धरता येतं, पेन्सिल धरता येते, एखादी तार छेडता येते. तारांवर पळणं मात्र संपलं. त्याने आपली गिटार उचलून त्या मेव्हण्याला दिली आणि या विषयावर तो पुन्हा कधी बोलला नाही. बोलला नाही म्हणून बोच गेली, असं मात्र कुणी समजू नये. घरी तपासणीपुरती एक जुनी, कुणाची तरी वापरलेली गिटार आणली ती पुष्कळ नंतर, डब्यांबरोबर.

मेव्हण्याला घरात सगळे सोन्या म्हणतात. सोन्याला टक्कल पडलंय, सोन्याचं पोट सुटलंय, सोन्या पन्नाशीला टेकलाय, तरी तो सोन्याच. जन्मभर त्याने हॉटेलांत आणि हॉलमध्ये दुसऱ्यांची गाणी वाजवली. गिऱ्हाईक म्हणेल ते वाजवायचं, म्हणेल तितक्या वेळा वाजवायचं. त्यामुळे झालं काय, त्याच्या तोंडातून 'नाही' हा शब्दच गळून पडला. तर या सोन्याने यंदा जाहीर केलं की आता स्वतःच्या धुना रेकॉर्ड करायच्या. ड्रमवाला ठरला, बेस गिटारवाली ठरली. आणि भावोजींच्या घरी येऊन, खुर्चीवर पुढे सरकून बसत तो म्हणाला, "भावोजी, पेडल तुमचं हवंय."

त्या दिवशी चष्मेवाल्याने दुकानात एका बाईंना नवऱ्याच्या नंबरचा चष्मा दिला म्हणतात.

त्याच्या मनात काय होतं ते बायकोला बरोबर कळलं. बाकीच्यांना हा छंद वाटायचा. तिला माहीत होतं, की ज्या हाताला तारांवर जाता येत नाही त्या हाताला दुसऱ्या दाराने गाण्यात शिरायचंय. सोन्याच्या धुना निघतील, लोक ऐकतील, आणि त्या आवाजात आपल्या हाताचं काहीतरी असेल. त्याला एवढंच हवं होतं, पण ते फार हवं होतं.

घोटाळा असा झाला, की हेच वाक्य सोन्याने त्याच आठवड्यात दुसऱ्या घरीही म्हटलं. 'नाही' न येणाऱ्या माणसाला 'हो' दोनदा म्हणावं लागतं.

दुसरं घर म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचं. तिचा नवरा, म्हणजे चष्मेवाल्याचा साडू, कवळ्या बनवतो. दंतवैद्य मापं घेऊन पाठवतात, हा दात बसवतो. चष्मेवाल्याचं पाहून त्यालाही पेडलचं वेड लागलं, आणि एका घरचे दोन जावई एकाच वेडात शिरले की म्यान फाटणारच. साडूच्या पेडलची बटणं त्याने स्वतःच ओतलेली, कवळीच्या मालातली. हुबेहूब हिरड्यांच्या गुलाबी रंगाची. डबा समोर ठेवला की आता हा हसणार असं वाटायचं.

"साडूभाऊ, याला रात्री पाण्यात बुडवून ठेवता का हो?" चष्मेवाल्याने तो डबा पहिल्यांदा पाहताच विचारलं.

"तुमच्याला लांबचं दिसतं का, ते आधी सांगा," साडू म्हणाला.

बोलणं थट्टेचं होतं, पण त्या दिवसापासून दोघेही आपापल्या घरी जोराने कामाला लागले. चष्मेवाल्याचं काम चालायचं दुपारी. दुकान तेव्हा बंद, इमारत झोपलेली. खालच्या मजल्यावर एक निवृत्त मास्तरीणबाई राहतात. त्यांची झोप कागदापेक्षा पातळ. गिटारचा आवाज जरा चढला की झाडूचा दांडा छताला लागायचा, ठक ठक. त्यामुळे चष्मेवाला अ‍ॅम्प्लिफायर इतका बारीक ठेवायचा, की शेजारच्या खोलीतल्या बायकोला वाटायचं नवरा कुणाच्या तरी कानात बोलतोय. त्या कुजबुजीत तो एकेक कपॅसिटर बदलायचा, डोळे मिटून ऐकायचा, पुन्हा बदलायचा. आवाज दाट व्हायला हवा होता, मऊ, खालच्या सुरात भरलेला. व्हॉल्व्हही असाच पारखलेला. भंगारवाल्याकडून आणलेले व्हॉल्व्ह तो डब्यात लावून चालू करायचा आणि काचेवर पेन्सिलीने हलकेच टिचकी मारायचा. वाईट व्हॉल्व्ह टिचकीसरशी अ‍ॅम्प्लिफायरमधून घंटेसारखा वाजतो. चांगला गप्प बसतो. गप्प बसणारा एक त्याला फार शोधाअंती मिळाला, आणि तो सोन्याच्या डब्यात बसला.

साडूचं काम त्याच्या कारखान्यात चालायचं. कारखाना म्हणजे एक खोली, तिच्यात दात घासायची मोटर अखंड भुणभुणत असलेली. तिच्यावर आवाज चढवल्याशिवाय त्याला स्वतःचं पेडल ऐकूच यायचं नाही.

मग एका रविवारी चष्मेवाल्याने सोन्याला आणि साडूला सहकुटुंब बोलावलं. त्याच्या मते ही तपासणी होती. बाकी सगळ्यांच्या मते ती कुस्ती होती.

त्याने सगळं चोख केलं होतं. माणसाचा कान लबाड असतो, जे मोठ्याने वाजतं ते त्याला चांगलं वाटतं, हे त्याला माहीत. म्हणून मीटर लावून दोन्ही पेडलांचा आवाज त्याने बरोबर सारखा केला. साडूला तो काटा दाखवला. साडूने चष्मा वर करून पाहिला, मान हलवली. दोन्ही डब्यांवर एकच टॉवेल पसरला. कोणतं पेडल चालू आहे ते ऐकणाऱ्यांना कळू नये म्हणून खटका दाबायचं काम बायकोकडे, टॉवेलखाली पाय घालून.

"गार लागतंय पायाला," ती म्हणाली.

"बोलू नकोस. तुझ्या बोलण्यावरून ओळखतील."

सोन्याने वाजवलं. आवाज अर्थात बारीक, मास्तरीणबाईंची दुपार सुरू होती. पहिलं पेडल खोलीत आलं ते साय धरलेल्या दुधासारखं. दुसरं आलं ते नाकात बोलत. सर्दी झालेला माणूस टेलिफोनवर भांडतोय, असं.

"पहिलं," धाकटी म्हणाली. नवऱ्याचं कुठलं ते तिला माहीत नव्हतं, नाहीतर बाई अशी चुकणारी नव्हे.

"पहिलं," सोन्या म्हणाला.

साडूने डोळे मिटले होते. त्याने ओठ चावला, पण माणूस सच्चा. "पहिलंच," तो म्हणाला.

टॉवेल उचलला. पहिलं होतं भिंगाच्या खिडकीवालं. गुलाबी बटणं दुसऱ्या डब्यावरून केविलवाणी हसत होती.

चष्मेवाल्याने विजय फार सभ्यपणे साजरा केला. म्हणजे तोंडाने काही बोलला नाही, पण साडूला चहा दोनदा आग्रह करून पाजला. बायको आत जाऊन म्हणाली, "पुरे आता, गाल दुखतील हसून."

आठवड्याने सोन्याच्या बँडची तालीम होती. जागा म्हणजे गाद्यांचं गोदाम. चहूबाजूंनी गाद्या भिंतींना लावून उभ्या, त्यामुळे आवाज बाहेर जात नाही आणि ड्रमवाला दमला तर झोपायची सोय. चष्मेवाला आपला डबा जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून घेऊन गेला. साडूही आला होता, स्वतःचा डबा घेऊन. "असू द्या आपला बरोबर," तो म्हणाला. "घोडा हरला म्हणून घरी उपाशी ठेवत नाहीत." दोघांच्या बायका एका गादीच्या कडेला थर्मास घेऊन बसल्या.

सोन्याने भिंगवालं पेडल लावलं. ड्रमवाल्याने टिपऱ्या आपटून चार मोजले आणि सगळे एकदम सुरू झाले.

आणि सोन्याची गिटार गेली.

म्हणजे सोन्या वाजवत होता. बोटं दिसत होती, मान डोलत होती. पण ड्रम होते, बेस होता, आणि त्यांच्यामध्ये जिथे गिटार असायला हवी तिथे नुसता गरम गरम धुरळा. दाट, मऊ, खालच्या सुरात भरलेला आवाज बेसच्या आवाजात असा मिसळला, जसं दुधात दूध. चष्मेवाल्याने अ‍ॅम्प्लिफायर चढवायला खूण केली. सोन्याने चढवला. धुरळा वाढला.

धून संपली. ड्रमवाला टिपरीच्या टोकाकडे असा पाहत होता, जणू तिला कीड लागलीय. बेसवाली तार पुसू लागली.

"छान आहे, भावोजी," सोन्या म्हणाला. "एकदम... उबदार."

"हो?"

"हो ना. हेच घेऊ या. ठरलं."

आता चष्मेवाल्याचा सगळा जन्म गेलाय समोरच्याचं 'हो' ऐकण्यात. शेवटची ओळ दिसत नाही, पण तसं सांगायची लाज वाटते म्हणून लोक म्हणतात, "हो हो, दिसतंय." त्या 'हो'ला एक वेगळा वास असतो. असं 'हो' म्हणणाऱ्याला चष्मा दिला, तर तो माणूस घरी जाऊन जिन्यावरून पडतो. सोन्याचं 'हो' त्याच जातीचं होतं. थोरल्या भावोजींना दुखवायचं नाही, हे तो सगळ्या धुना पणाला लावून करत होता.

आणि गंमत पाहा, चष्मेवाल्याला ते 'हो' पाहिजेच होतं. कुणी त्याला विचारलं नव्हतं. गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. डबा रेकॉर्डिंगला गेला असता, हात गाण्यात शिरला असता, आणि चारचौघांनी मूग गिळले असते. घरातल्या घरात एवढं चालतं. तो गादीच्या कडेला जाऊन बायकोशेजारी बसला. तिने थर्मासच्या झाकणात चहा ओतून त्याच्यापुढे धरला.

"कसा वाटला?" त्याने विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"सांग तरी."

"सोन्याची धून मला पाठ आहे हो," ती हळूच म्हणाली. "आपल्याकडे येऊन शंभरदा वाजवलीय त्याने. आज मला ती सापडली नाही."

चष्मेवाल्याने झाकणातला चहा एका घोटात संपवला. मग उठला.

"सोन्या, ते काढ."

"भावोजी, अहो खरंच चांगलं..."

"काढ म्हणतो ना. माझी चूक झाली. दुपारच्या कुजबुजीत बसून जवळचा नंबर काढला, आणि तू निघालास रस्त्यापलीकडची पाटी वाचायला. साडूभाऊ, तुमचं लावा."

साडू जागचा हललाच नाही. त्याला वाटलं ही नवी थट्टा आहे. "माझं तर नाकात बोलतं म्हणालात."

"बोलू दे. गर्दीत नाकात बोलणाराच ऐकू येतो. लावा लवकर."

गुलाबी बटणं जमिनीवर आली. ड्रमवाल्याने पुन्हा चार मोजले. आणि काय सांगावं, घरी जे टेलिफोनवर भांडत होतं, ते इथे ड्रम आणि बेसच्या मधून धारदार, अगदी नेमकं वर आलं. धून उभी राहिली. धाकटीने थोरलीला कोपर मारलं.

पण चार ओळी झाल्या नाहीत तोच चष्मेवाल्याचे कान टवकारले. ड्रमचा प्रत्येक ठोका पडला की गिटारच्या आवाजामागून एक बारीक घंटी वाजत होती. टिंऽग. ठोका, टिंऽग. ठोका, टिंऽग.

"हे काय?" सोन्या थांबला.

साडूचा चेहरा पडला. कारखान्यात मोटरच्या भुणभुणीखाली ही घंटी त्याला कधी ऐकूच आली नव्हती. त्याने बटणं फिरवून पाहिली, वायर हलवली. घंटी तिथेच. "गेलं," तो म्हणाला. "हे पण गेलं. साडूभाऊंचं तेच लाव, सोन्या."

चष्मेवाला गुडघ्यांवर बसला. खिशातून पेन्सिल काढली, साडूच्या डब्याचं झाकण उघडायला लावलं आणि आतल्या काचेवर एक टिचकी मारली. अ‍ॅम्प्लिफायरमधून देवळात वाजावी तशी घंटा वाजली.

"मांडणी तुमची झकास आहे," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह तेवढा चहाटळ आहे. कुणी हात लावला की बोलतो."

"दुसरा नाही माझ्याकडे."

चष्मेवाल्याने दोन्ही डब्यांच्या विजेच्या पिना काढल्या. आत वीज साठून राहते, ती उतरेपर्यंत थांबला. तेवढ्या वेळात साडूला कळलं तो काय करतोय.

"अहो साडूभाऊ, तो तुम्ही किती शोधून..."

"गप्प बसा. उजेड धरा."

मग चष्मे पुसायचं मऊ कापड काढून त्याने आपल्या डब्यातला तो गप्प बसणारा व्हॉल्व्ह धरला. काच अजून गरम होती. दुखऱ्या हाताची बोटं अशा कामाला पुरी पडायची. हळूहळू हलवत त्याने तो उपटला आणि साडूच्या डब्यात बसवला. त्याच्या स्वतःच्या डब्यातलं भिंग आता रिकाम्या भोकाकडे पाहत होतं.

"तुमच्या डब्यात काय राहिलं मग?" साडूने विचारलं.

"हवा. शिवाय मोठी होऊन दिसते."

ड्रमवाल्याने तिसऱ्यांदा चार मोजले. घंटी गेली होती. सोन्या वाजवत सुटला, आणि या वेळी त्याने भावोजींकडे पाहिलंसुद्धा नाही, इतका तो वाजवण्यात होता. धून संपल्यावर मात्र त्याने मोकळेपणाने तोंड उघडलं.

"भावोजी, खरं सांगू? मघाशी ते..."

"सांगू नकोस. पुढच्या वेळी पहिल्यांदाच सांग."

"हो," सोन्या म्हणाला, आणि हे 'हो' ठीक होतं.

घरी परतताना दोन्ही साडूंचं भांडण जुंपलं. पेडल कुणाचं म्हणायचं? साडू म्हणाला दोघांचं, चष्मेवाला म्हणाला डबा ज्याचा त्याचं. साडू म्हणाला आत्म्याशिवाय शरीर काय कामाचं. चष्मेवाला म्हणाला, कवळीत आत्मा असतो हे आजच कळलं. बायका पुढे निघून गेल्या होत्या. त्यांना हे भांडण संपायची घाई नव्हती, कारण गेल्या कित्येक महिन्यांत हे दोघे एकमेकांशी इतकं बोलले नव्हते.

रेकॉर्डिंग झालं तेव्हा दोघे काचेच्या अलीकडे एका बाकावर बसले होते. पलीकडे सोन्या डोळे मिटून वाजवत होता. ती धून जरा उदास होती, मध्येच चढायची, चढता चढता थबकायची. साडू पुढे झुकून, मान तिरकी करून ऐकत होता. मधल्या चढाला त्याच्याने राहवेना. त्याने चष्मेवाल्याला ढोसलं आणि कुजबुजला, "ऐकलंत? तो खरखरीतपणा आला बघा. व्हॉल्व्हचा आहे की माझ्या मांडणीचा? काय वाटतं?"

चष्मेवाल्याचे डोळे पाणावले होते आणि चष्मा धुरकटला होता. तो पुसायचंही त्याला सुचलं नव्हतं.

"गप्प बसा हो," तो म्हणाला. "पोरगा वाजवतोय."